दुसरा शनिवार, दुपारचे तीन

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८. एक दिवस आधी

अमेरिकेच्या एफबीआयने त्या दिवशी बँकांना एक गोपनीय सूचना धाडली. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत शिजतो आहे, आणि कार्ड देणाऱ्या कुठल्यातरी बँकेत आधीच शिरकाव झालेला असावा, असा तिचा आशय होता. बँकेचं नाव नव्हतं, देशाचंही नव्हतं. गुन्हेगारांच्या जगात या प्रकाराला ‘अनलिमिटेड ऑपरेशन’ म्हणतात. खात्यात शिल्लक किती आहे आणि दिवसाला किती काढता येतात, हे दोन्ही बंध आधी सोडवून टाकायचे. मग यंत्र देईल तोवर काढत राहायचं. ही सूचना लोकांना कळली ती रविवारी, सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी ती छापली तेव्हा. तोवर पुण्यातली एक बँक लुटून झाली होती.

ती बँक म्हणजे कॉसमॉस. १९०६ साली पुण्यात सुरू झालेली आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या नागरी सहकारी बँकांमध्ये गणली जाणारी. मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर. सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षकापासून मावळातल्या दूधवाल्यापर्यंत या भागातल्या माणसाचा सहकारी बँकेवर एक वेगळाच जीव असतो. तिथला शिपाई ओळखीचा असतो, मॅनेजर लग्नाला येतो, आणि सप्टेंबरात वार्षिक सभेचं पुस्तक घरी येतं. वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा, कुठेही जा, बाजारपेठेत सहकारी बँक नाहीतर पतसंस्था दिसतेच. तिजोरी, लाल अक्षरातली पाटी आणि दारात बंदूकधारी रखवालदार दिसला की आपल्याला पैसा सुरक्षित वाटतो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तिजोरी जागच्या जागी होती. रखवालदारही होता. चोर मात्र आत येऊन बसलेले होते.

त्याच्याही आधी

अशा टोळ्या आत कशा शिरतात, हे बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात नीट उलगडलं होतं. २०१५ च्या जानेवारीत तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका तरुणाचा नम्र ईमेल आला. सोबत त्याची माहिती उतरवून घ्यायची सोय. कुणीतरी ती उतरवून घेतली. त्यानंतर चोर वर्षभर आत गुपचूप बसले आणि कोण कधी येतं, कुठली चावी कुठे असते, हे पाहत राहिले. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ९५ कोटी डॉलर वळवायचा प्रयत्न केला आणि ८ कोटी १० लाख डॉलर पळवले. वार निवडला गुरुवार. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, अमेरिकेत शनिवार-रविवार सुट्टी, आणि पैसा जिथे जायचा त्या मनिलात सोमवारी चांद्र नववर्षाची सुट्टी.

पुण्यात चोरांनी हात घातला तो ‘स्विच’वर. एटीएम वापरणाऱ्या माणसाला या यंत्रणेचं नावही ठाऊक नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही लोणावळ्याच्या बाजारात दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातलंत, पिन दाबलात, ‘दोन हजार’ म्हणालात. यंत्राला तुमच्या खात्याची काहीच कल्पना नसते. तुमची मागणी व्हिसाच्या किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती आत, मुख्य खातेवहीकडे नेतो. या खातेवहीला बँकवाले ‘सीबीएस’ म्हणतात. पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का, आजची मर्यादा संपली का, हे तपासून होकार किंवा नकार निघतो आणि आल्या वाटेने परत जातो. यंत्र नोटा मोजतं. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं.

चोरांनी काय केलं, तर वाड्याच्या देवडीवर स्वतःचा माणूस बसवला. निरोप आला की आत न जाता तो देवडीवरूनच सांगणार, ‘मालक हो म्हणालेत.’ बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या मुख्य खातेवहीपर्यंत जाऊच द्यायच्या नाहीत, आणि परस्पर मंजुरीचं उत्तर पाठवायचं. आता पिन चुकीचा असला तरी चालतं. शिल्लक शून्य असली तरी चालतं. पुढे ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘फास्टकॅश’ या नावाखाली ही पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली. अशा चोऱ्यांत वापरलेली बहुतेक खाती जवळपास निद्रिस्त किंवा शून्य शिलकीची होती आणि फोडलेल्या स्विचवरची कार्यप्रणाली उत्पादकाने आधार देणं थांबवलेल्या आवृत्तीची होती, असं त्यात नोंदवलं आहे. जुनं झालेलं, पण ‘चालतंय ना’ म्हणून ठेवलेलं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, ते सांगायला नको.

आणि हा काही पहिला इशाराही नव्हता. २०१६ साली हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्रॅममुळे देशभरातली ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती. २०१८ च्या फेब्रुवारीत कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेत ‘स्विफ्ट’वरून, म्हणजे बँकांनी एकमेकींना आदेश पाठवायच्या यंत्रणेतून, पैसे पळवायचा प्रयत्न झाला. त्याच महिन्यात पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला आणि रिझर्व्ह बँकेने सगळ्यांना सांगितलं की ३० एप्रिलपर्यंत स्विफ्ट मुख्य खातेवहीला जोडा. चुंबकीय पट्टीची कार्डं काढून चिपची द्यायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती. ऑगस्टात ती संपायला साडेचार महिने बाकी होते, आणि लाखो लोकांच्या पाकिटात अजून पट्टीचीच कार्डं होती. पट्टीवरची माहिती एका छोट्या यंत्राने कुठल्याही कोऱ्या प्लास्टिकवर उतरवता येते. चिपची तशी नक्कल करणं फार अवघड.

शनिवार, ११ ऑगस्ट. सकाळ

महिन्यातला दुसरा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी देशातल्या बँका बंद असतात. बुधवारी स्वातंत्र्यदिन, मध्ये रजा टाकली की मोठी सुट्टी. पुणेकर अशा शनिवारी काय करतो हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सकाळी दहापासून द्रुतगती मार्गाच्या लोणावळा फाट्यावर गाड्यांची शेपूट लागते, भुशी धरणाकडे जाणारा रस्ता दुपारपर्यंत चालण्याच्या वेगाने सरकतो, टायगर पॉइंटवर धुक्यात भजी तळली जातात. २०१८ साली कणीस भाजणाऱ्या मावशींच्या गाडीवर क्यूआर कोडचा कागद लागायचा होता. रोकड लागायची. बाजारातल्या एटीएमसमोर रांग, आणि संध्याकाळी यंत्रावर ‘पैसे नाहीत’चा कागद.

हे सांगायचं कारण असं की चोरांनी निवडलेली वेळ आपल्या सवयींवर बेतलेली होती. बँक बंद, पण कार्ड चालू. ग्राहकाला हवी असलेली हीच सोय. २४ तास, सातही दिवस, जगात कुठेही. यंत्रांना सुट्टी नाही, पण यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या माणसांना आहे. या फटीतूनच सगळं घडलं.

दुपारी ३

पुण्यात ३ वाजले तेव्हा दुबईत दीड, मॉस्कोत साडेबारा, लंडनमध्ये सकाळचे साडेदहा आणि न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. ज्यांच्या हातात बनावट कार्डं होती त्यांना इशारा मिळालेला होता. बँकेने पोलिसांकडे दिलेल्या फिर्यादीत दुपारी ३ ते रात्री १० असा काळ आहे. बीबीसीने नंतर या प्रकरणाचा माग काढला, त्यात जगभरातली ही उचल २ तास १३ मिनिटांत उरकल्याचं म्हटलं आहे.

२८ देश. सुमारे ४५० बनावट व्हिसा कार्डं. परदेशात १२ हजारांवर वेळा पैसे निघाले, एकूण ७८ कोटी रुपये. सरासरी काढली तर एका खेपेला ६५ हजार. शिवाय भारतात रुपे कार्डांवरून २,८४९ वेळा, अडीच कोटी. म्हणजे खेपेला पावणेनऊ हजारांच्या आसपास. या दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या की भारताबाहेर टोळीने किती तयारी केली होती ते कळतं.

भारतातली उचल मुंबई, कोल्हापूर, इंदूर, अजमेर अशा शहरांत झाली. एकट्या कोल्हापुरात ९५ कार्डांवरून सुमारे ८९ लाख. पुण्याची बँक, आणि पैसे उपसले जाताहेत अंबाबाईच्या गावात. कोण होती ही माणसं? नंतर अटक झालेल्यांत एक वेटर, एक ड्रायव्हर, एक चपला शिवणारा. एकाकडे औषधनिर्माणाची पदवी. त्यांच्यातल्या काहींना सिनेमात एक्स्ट्राचं काम आहे, एटीएममधून पैसे काढतानाचं दृश्य आहे, असं सांगून आणलं होतं. एका टोळीचा म्होरक्या लॅपटॉपवर प्रत्येक उचल बघत होता. कुणी दोन नोटा खिशात सारल्या की त्याला लगेच कळे, आणि तो कानफटात वाजवी. हे सीसीटीव्हीत दिसलं, असं महाराष्ट्राच्या सायबर विभागाचे तेव्हाचे विशेष पोलिस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी पुढे सांगितलं. बँकेला आपल्या पैशाचा पत्ता नव्हता आणि चोराला प्रत्येक नोटेचा हिशेब होता.

पुढचा अर्धा तास

व्हिसाच्या लोकांना हे दिसलं. त्यांच्या जाळ्यात एकाच बँकेच्या कार्डांवरून हजारो मागण्या उसळल्या होत्या, तेही मोठ्या रकमांच्या. त्यांनी कॉसमॉसच्या मुख्यालयाला सावध केलं.

मुख्यालयातल्या लोकांनी जे करायला हवं तेच केलं. स्वतःची यंत्रणा तपासली. तिथे काहीच नव्हतं. खाती शांत, शिल्लक जागेवर, कुठे असाधारण उचल नाही. का नाही, ते वर सांगितलंच. निरोप आतपर्यंत आलेच नव्हते. जी खातेवही त्यांनी उघडून पाहिली तीच एक जागा होती जिथे चोरीचा मागमूस असणं शक्य नव्हतं. बाहेरचा माणूस ओरडून सांगतो आहे की घर लुटलं जातंय, आणि आतला माणूस वही उघडून म्हणतो, आमच्याकडे तर सगळं बरोबर आहे.

सुमारे अर्ध्या तासाने त्यांनी, खबरदारी म्हणून, सगळी कार्डं थांबवायला व्हिसाला परवानगी दिली. चोरीचा सगळा खेळ सव्वादोन तासांचा असेल तर हा अर्धा तास किती महागात गेला, त्याचा हिशेब करायला गणिताची परीक्षा पास व्हावी लागत नाही. पण या माणसांना दोष देताना माझा हात थोडा अडखळतो. सुट्टीच्या दिवशी, कुणा परदेशी कंपनीच्या सांगण्यावरून, आपली यंत्रणा ‘सगळं ठीक’ म्हणत असताना, हजारो सभासदांची कार्डं बंद करायची? कॉसमॉसचं कार्ड घेऊन त्या संध्याकाळी कुणी लोणावळ्याच्या हॉटेलात बिल द्यायला उभा असेल, कुणी तळेगावच्या दवाखान्यात अनामत भरत असेल. उगाच बंद केलं तर सोमवारी शाखेत गोंधळ. असा निर्णय कुणी घ्यायचा, कुणाला विचारून, हे आधी ठरलेलं असेल तर पाच मिनिटांत होतो. ठरलेलं नसेल तर अर्धा तास कमीच.

आता ग्राहकाकडे बघा. ‘पिन कुणाला सांगू नका’, ‘ओटीपी देऊ नका’, ‘कार्डाच्या पाकिटावर पिन लिहू नका’ ही पाटी प्रत्येक शाखेत असते. ती बरोबरच आहे. आजही लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून आगाऊ पैसे लुबाडणारे आहेत, आणि तिथे सावध राहायचं काम ग्राहकाचंच आहे. पण ११ ऑगस्टला कुणाचा पिन चोरायची गरज पडली नाही. कुणाला फोन आला नाही, कुणी ओटीपी दिला नाही. खात्यातून रक्कम वजाच न झाल्याने ‘इतके रुपये काढले’ असा संदेश मोबाइलवर येण्याचंही कारण नव्हतं. सगळे नियम पाळणारा ग्राहक आणि पिन भिंतीवर लिहिणारा ग्राहक त्या दुपारी सारखेच होते. वर्षानुवर्षं सावधगिरीचा सगळा भार खातेदाराच्या खांद्यावर टाकणाऱ्या बँकांनी या एका गोष्टीवर जरा विचार करावा.

रात्री १०

फिर्यादीतल्या काळाची अखेर. परदेशातला पैसा तोवर ज्याचा त्याच्याकडे पोचला असणार. लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्या अजून खंडाळ्याच्या घाटात आणि देहूरोडच्या पुढे अडकलेल्या.

एक प्रश्न इथे वाचकाच्या मनात येईल. खात्यातून पैसे गेले नाहीत, मग गेले कुणाचे? दुबईतल्या एखाद्या बँकेच्या यंत्राने नोटा दिल्या. ती बँक व्हिसाकडून पैसे मागते. व्हिसाकडे कॉसमॉसच्या स्विचचा होकार आहे, म्हणून व्हिसा कॉसमॉसकडून वसूल करते. होकार खोटा होता हे खरं, पण तो कॉसमॉसच्या दारातून आलेला होता. रुपेचं काम बघणाऱ्या एनपीसीआयनेही लगेच स्पष्ट केलं की आमची यंत्रणा सुरक्षित आहे, जे झालं ते बँकेच्या स्वतःच्या संगणकीय आवारात झालं. म्हणजे भुर्दंड बँकेचा. आणि सहकारी बँकेला मालक कोण? सभासद.

रविवार, १२ ऑगस्ट

व्हिसाने संशयित व्यवहारांची यादी पाठवली. १२ हजार ओळींची यादी. अर्धा तास जे बँकेला खोटं वाटत होतं त्याची ही पावती. याच दिवशी अमेरिकेत क्रेब्स यांचा लेख आला आणि एफबीआयचा इशारा जगाला कळला.

रविवारी बँकेतल्या जाणत्या लोकांचं सगळं लक्ष एटीएमकडे लागलं असणार, यात नवल नाही. आग लागली त्या खोलीकडेच माणूस धावतो.

सोमवार, १३ ऑगस्ट. सकाळी साडेअकरा

दुसरा घाव इथे पडला. बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेला पैसे पाठवायचे तीन संदेश गेले. लाभार्थी ए. एल. एम. ट्रेडिंग लिमिटेड नावाची कंपनी. रक्कम १३ कोटी ९२ लाख रुपये.

मला या सगळ्या घटनाक्रमात हा क्षण सगळ्यात भयंकर वाटतो. शनिवारी चोरी झालेली आहे. रविवारी तिची यादी हातात आलेली आहे. सोमवारी, बँक उघडी असताना, कामाच्या वेळेत, त्याच घरातून, दुसऱ्या दाराने, तेच चोर पुन्हा माल नेतात. स्विफ्ट म्हणजे बँकांनी बँकांना पाठवायचे आदेश. तिथे एटीएमसारखी चिल्लर काढायची नसते, एका संदेशात कोटी जातात. घरात चोर शिरला होता हे कळल्यावर पहिल्यांदा सगळी दारं लावायची, मग काय गेलं ते मोजायचं, हा क्रम खेड्यातल्या म्हातारीलाही कळतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण एटीएम, नेटबँकिंग, स्विफ्ट ही वेगवेगळी घरं समजतो. चोरासाठी तो एकच वाडा होता.

७८, अडीच आणि १३.९२ मिळून ९४ कोटी ४२ लाख.

मंगळवार, १४ ऑगस्ट

चतुःशृंगी पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेल्याची बातमी आली. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे पत्रकारांसमोर आले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. खबरदारी म्हणून एटीएम आणि ऑनलाइन सेवा थांबवल्या होत्या.

पुण्यात असं काही ऐकलं की लोकांना पहिल्यांदा रुपी बँक आठवते. २०१३ च्या फेब्रुवारीत तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. २०२२ साली तिचा परवानाच गेला. ठेवीवरचा विमा २०१८ मध्ये माणशी एक लाखाचाच होता, तो पाच लाखांचा झाला २०२० च्या फेब्रुवारीत. म्हणजे मंगळवारी रांगा लागल्या असत्या तर त्यात खुळेपणा काही नव्हता. कॉसमॉस मोठी होती, ९४ कोटींचा खड्डा तिला पचवता आला, आणि ती आजही उभी आहे. हाच खड्डा शे-दोनशे कोटींच्या ठेवी असलेल्या तालुक्यातल्या बँकेला पडला असता तर? मावळातल्या वाचकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. कॉसमॉसचं उत्तर त्याला लागू पडणार नाही.

‘ग्राहकांचे पैसे सुरक्षित’ हे वाक्य खोटं नव्हतं. पण ते अर्धं होतं. ज्याचं खातं आहे तो सुरक्षित, आणि ज्याचा भाग आहे तो नाही. सहकारी बँकेत बऱ्याचदा ही दोन्ही एकच माणसं असतात. लाभांश मिळतो तो नफ्यातून, आणि नफ्याला भोक पडलं की ते सभासदाच्याच पिशवीला पडतं.

त्यानंतर

तपास पुणे पोलिसांनी झपाट्याने केला, हे म्हटलंच पाहिजे. सीसीटीव्ही आणि एटीएमच्या आसपासच्या मोबाइलचा माग काढून पुढच्या काही आठवड्यांत १८ जण पकडले गेले. हाँगकाँगच्या खात्यातली काही रक्कम गोठवून परतही मिळवली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी धरलं. कैद जास्तीत जास्त चार वर्षांची.

ही खालच्या फळीतली माणसं. वरची फळी कुठे होती, ते २०१९ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या अहवालात आलं. त्यांनी हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. निर्बंधांनी कोंडलेलं सरकार परकीय चलनासाठी बँका फोडतं, असा त्यांचा निष्कर्ष. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने उत्तर कोरियाच्या तीन संगणकतज्ज्ञांवरचं आरोपपत्र उघड केलं. त्यांच्यासाठी पैसे उचलणारी माणसं जमवणारा कॅनडाचा गालेब अलाउमारी याने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबरात त्याला ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. भारतातल्या या बँकेची उचलही त्याच्या यादीत होती. २०१८ च्याच ऑक्टोबरात पाकिस्तानच्या बँकइस्लामीवरही हाच प्रयोग झाला होता. भारत-पाकिस्तानात दुसरं कशावर एकमत होवो न होवो, दोन्हीकडच्या बँका एकाच हातांनी लुटल्या.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट १९ ऑक्टोबर २०१८ ला काढली, आणि २०१९ च्या ३१ डिसेंबरला ती बँकेच्या आकारानुसार पायऱ्यापायऱ्यांची केली. बाहेरच्या कंपन्यांकडून एटीएम स्विच चालवून घेणाऱ्या बँकांसाठी वेगळे नियम आले. पट्टीची कार्डं गेली, चिप आली. हे सगळं व्हायला हवं होतंच, पण उशिरा झालं.

ग्राहकाच्या बाजूचा एक नियम मात्र घटनेच्या आधीपासून होता आणि तो अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडे फट पडली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक पैशाचाही भार पडत नाही. बँकेची स्वतःची चूक असेल तर कळवलं नाही तरी पडत नाही. ‘तुम्हीच पिन दिला असेल’ असं काउंटरवरून ऐकवलं गेलं तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम सांगा. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तो लगेच लावा, सोमवारची वाट पाहू नका.

आणि सप्टेंबरात तुमच्या बँकेची किंवा पतसंस्थेची वार्षिक सभा असेल. अहवालाचं पुस्तक मिळेल, चहा-वडा मिळेल, हात वर करून ठराव मंजूर होतील. त्या दिवशी उभं राहून एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा: दुसऱ्या शनिवारी दुपारी बाहेरून फोन आला की ‘तुमची कार्डं लुटली जाताहेत’, तर ती कुणालाही न विचारता तिथल्या तिथे बंद करायचा अधिकार आपल्या बँकेत कुणाला आहे, आणि त्या माणसाचा फोन कोण उचलतो?